बुंदीने वाचलेला हात

लालबागहून चुलतभावाचा फोन आला, "बाबा गेले." तेव्हा मी परळच्या आमच्या शुश्रूषा केंद्रात एका पेशंटला भरवत होते. भरवणं संपवलं, मगच निघाले. भाऊकाकांना जाऊन आता महिना होईल.

काका गिरणीत विणकर. संप फसल्यावर वॉचमन झाले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा मी नर्स असलेल्या केंद्रातच त्यांना ठेवलं. सगळं समजायचं, पण पाणी हवं असो वा नको, तोंडातून "हो हो" एवढंच यायचं. चुलतभाऊ काकीला म्हणाला, "मी दिवसभर कामावर. तुला एकटीला त्यांचं काय कळणार? गावीच नेऊ, तिथे चार माणसं तरी आहेत." ते ऐकून काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना लालबागच्या खोलीतच परतायचं होतं.

केंद्रात नेहा नावाची प्रशिक्षक बुंदी या लॅब्रेडॉर कुत्रीला आणायची. पेशंटने तिला कुरवाळायचं, विंचरायचं, तेवढाच व्यायाम. मला ते निव्वळ लाड वाटायचे. एकदा बुंदी काकांच्या मांडीवर चढू लागली. काकांनी डावा तळवा झटकन खाली दाबला, आणि ती मुकाट्याने बसली.

"अहो काका, आम्ही कुत्र्यांना हीच खूण शिकवतो! तुम्हाला कोणी शिकवली?" नेहा म्हणाली.

काकी हसली. "शिकवतला कोण? गिरणीतलो हात तो! साचो बंद कर म्हणान. घरात पण असलेच हातवारे करीत. मीच सांगलंय, ह्या घर आसा, साचेखाता नाय!"

साचा म्हणजे माग. साचेखात्यातल्या खडखडाटात कोणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर हातांनी बोलत. मी खुर्ची ओढली. "काकी, पाणी हवं असलं की काय खूण करायचे?" तिने करून दाखवलं. काकांनी मान हलवली, खूण दुरुस्त केली. मग दोघांचं चक्क भांडण जुंपलं... हातांनी! वाचा जाऊन ही सवय कशी उरली? डॉक्टरांनी समजावलं, तरी माझं कुतूहल फिटलेलं नाही. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बुंदी तेवढी हाताकडे.

चुलतभावाने खुणा शिकून घेतल्या, आणि काका घरी आले. शेवटपर्यंत तिथेच राहिले.

परवा भेटायला गेले. चुलतभाऊ चहा टाकत होता. काकीने खाटेवरूनच दोन बोटं चोळली. त्याने चमच्यातली अर्धी साखर परत डब्यात टाकली.

दोघांचेही कान ठणठणीत आहेत.