मुलींनी फक्त पक्षी करायचे

म्हैसूरजवळच्या आमच्या हुणसूरच्या हायस्कूलात स्कूल डे म्हणजे सगळं आधीपासून ठरलेलं. मुलींचा कोलाट, मुलांची मिमिक्री. कोलाटात दोन्ही हातांत काठ्या घेऊन जोडीजोडीनं गोल फिरायचं, समोरचीच्या काठीवर काठी मारायची आणि तोंडावर गोड हसू ठेवायचं. तिकडे दहावीची पोरं ओढणी घेऊन हिंदीच्या मिस व्हायची, धोतर गुंडाळून संस्कृतचे सर व्हायची. पुढच्या खुर्च्यांवर बसून तेच सर नि त्याच मिस हसून हसून डोळे पुसायच्या.

आता खरं सांगू? त्या पोरांना सरांचा आवाज काढायला शिकवला कोणी? मी! सातवीपासून डब्याच्या सुट्टीत चिंचेखाली माझा शो चालायचा. कुणाचा आवाज नाकातून येतो, कोण दर वाक्याला खडू फुंकतं, सगळं पाठ. पण स्टेजवर मात्र मी काठ्या वाजवायच्या.

दहावीत मी डान्सच्या मिसना सांगितलं, "मिस, मला मिमिक्री करायचीय."

"सुम्ने बस गे, गपचूप. ती मुलांची. पहिल्यापासून तसंच आहे."

"पहिल्यांदा कोणी ठरवलं, मिस?"

मिस काठ्या मोजायला लागल्या. मग मी म्हटलं, मिमिक्री नाही तर कोलाटही नाही. आता कोलाटात एक मुलगी कमी झाली की तिची जोडीदारीण हवेत काठी मारत बसते. माझी जोडीदारीण रडकुंडीला आली, मिस वैतागल्या, आणि प्रकरण हेडमास्तरांकडे गेलं.

हेडमास्तर बोलायच्या आधी घसा खाकरायचे. साधंसुधं नाही, थंडीतली लूना किक मारून मारून चालू होते तसं. दर बोलण्याच्या शेवटी विचारायचे, "अर्थ आय्ता?" म्हणजे समजलं का. रोज सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी तसं विचारलं की अख्ख्या शाळेनं एका सुरात "आय्तु सार!" म्हणायचं. समजलेलं असो नसो.

त्यांनी खाकरून निकाल दिला. मुलीनं मिमिक्री केली तर चालेल, पण पक्षी आणि प्राणी. माणसं नकोत. मुलींना शोभत नाही. अर्थ आय्ता?

"आय्तु सार," मी म्हटलं.

घरी आई म्हणाली, "नशीब समज, कावळा तरी करायला मिळाला." अप्पा मशीनवर आमच्याच कोलाटचे लंगे, म्हणजे परकर, शिवत होते. शाळेचे कपडे दरवर्षी आमच्याच दुकानात यायचे. ते मान वर न करता म्हणाले, "कर काय करायचं ते. पण टीसी घरी आणू नको, मारायती, बाई माझे."

स्कूल डेला पोरांची मिमिक्री आधी झाली. त्यांनी हेडमास्तरांची चाल केली, खिशातल्या किल्ल्या वाजवण्यासकट. हेडमास्तर स्वतः टाळ्या वाजवत होते. मग मला बोलावलं.

मी कोकिळा केली. बऱ्यापैकी टाळ्या. कावळा केला. बस स्टँडवरचं कुत्रं केलं, कंडक्टरनं लाथ मारण्याआधीचं आणि मारल्यानंतरचं. लोक हसले. मिस पडद्यामागून खूण करत होत्या, बास, ये आता. मी माइक घट्ट धरला.

"आता शेवटचा पक्षी. हा पुस्तकात नाही. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात राहतो."

आणि लूनाला किक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चालू. मग मी मान वाकडी करून म्हटलं, "अर्थ आय्ता?"

"आय्तु साऽऽर!"

अख्खी शाळा! सवयच ती. पुढे खाली बसलेली चिल्लीपिल्ली तर उभीच राहिली. पीटी मास्तर सावधानमध्ये उभे राहिले, मग आजूबाजूला बघून हळूच बसले. त्यानंतर जो हशा उठला तो बंद होईना. फक्त एक माणूस हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन ऑफिसात. हेडमास्तर म्हणाले, उद्या प्रार्थनेत माइकवर माफी मागायची.

"सर, त्या मुलांनी पण मागायची का? त्यांनी तुमची चाल केली."

"ते वेगळं."

"कसं वेगळं, सर?"

"ती मुलं आहेत!"

"आणि मी तर पक्षीच केला. तुम्ही सांगितला तसा. मी कुणाचं नाव घेतलं का?"

हेडमास्तरांनी उत्तर द्यायला घसा खाकरला. तीच लूना. अप्पांनी पटकन रुमाल तोंडावर धरला आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं. हेडमास्तर लालेलाल. म्हणाले, माफी नाही तर सेंड-ऑफही नाही.

सेंड-ऑफ म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट. दहावीच्या मुली पहिल्यांदा साडी नेसतात, ग्रुप फोटो निघतो, आणि शेवटी मैदानात शेवटचा कोलाट. आई रात्री म्हणाली, "म्हणून टाक ना सॉरी. एक शब्द तर आहे. माझी मोरपंखी साडी काढून ठेवलीय तुझ्यासाठी." त्या साडीसाठी मला खरंच रडू आलं. पण पोरांनी केलं की टॅलेंट, मी केलं की माफी? नाही म्हणजे नाही.

सेंड-ऑफच्या दिवशी मी तीच मोरपंखी साडी नेसले, आणि शाळेच्या गेटबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. आत येऊ नको म्हणाले होते. रस्ता काय त्यांचा होता? आत फोटो निघाला, भाषणं झाली, गाणं लागलं. थोड्या वेळानं जोडीदारीण पदर खोचत बाहेर आली. बगलेत काठ्या, तिच्या नि माझ्या.

"आत पीटी मास्तरांना उभं केलंय माझ्यासमोर," ती म्हणाली. "बोटांवर मारतात गे. चल, घे."

आम्ही तिथेच सुरू केलं. गाणं भिंतीपलीकडून येत होतं, धूळ साडीवर. म्हैसूरची बस येऊन थांबली, अर्धी बस खिडकीतून डोकावली. कंडक्टर ओरडला, "काय अम्मा, चढणार का नाही?"

"नाचतोय," मी काठी न थांबवता म्हटलं. "दिसत नाही? जा तुम्ही."