पाहुण्याचा पहिला नकार

तानाकासान "नो, थँक यू" म्हणाले आणि प्रणालीने रोडग्यांची परात तशीच उचलून नेली. मला इतका आनंद झाला की टाळी वाजवायचीच बाकी होती.

रिसोडजवळच्या एका कृषी महाविद्यालयात मी क्रॉस-कल्चरल कम्युनिकेशन शिकवते. म्हणजे दुसऱ्या मुलखातल्या माणसाशी त्याला न दुखावता कसं वागायचं, ते. जपानच्या सोयाबीन कंपनीचे तानाकासान वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी एक विद्यार्थी निवडायला आले होते. जेवणानंतर इंटरव्ह्यू. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेल्या प्रणालीचा त्या जागेवर जीव होता.

आमच्याकडे पाहुणा ताटावर आडवा पडल्याशिवाय वाढणं थांबत नाही. म्हणून मी आठवडाभर रोल-प्ले घेतला. एकाने फॉरेनर व्हायचं, दुसऱ्याने वाढायचं. फळ्यावर नियम एकच लिहिला: फॉरेनर एकदा 'नो' म्हणाला, विषय संपला.

पोरांनी नियम पाळला. वांग्याची भाजी परत गेली, तूप गेलं. पाण्याला 'नो' म्हटल्यावर तांब्याही गेला. तानाकासानांची मान हळूहळू परातीच्या मागे वळली.

प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, पाहुना उपाशी हाय. पोरं भांडे घेऊन काहून पळून राह्यले?"

सोबतच्या दुभाष्याने हसू दाबत सांगितलं, त्यांच्याकडे पहिला नकार ही नुसती रीत असते. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. मला घाम फुटला आणि हसूही आवरेना. मी स्वयंपाकघरात धावले.

"प्रणाली, परत वाढ. आग्रह कर."

"मंग आठवडाभर आमी काय शिकून राह्यलो होतो?"

"ते विसर."

पोरांना एवढंच ऐकायचं होतं. पाहुण्यांनी रोडग्यावर रोडगा हाणला, वर तुपाची धार. शेवटी ताटावर दोन्ही हात धरून ते हसायला लागले, तेव्हा प्रणाली थांबली. बाकीच्यांना मी दंडाला धरून मागे ओढलं.

इंटरव्ह्यूत त्यांनी दुभाष्यामार्फत तिला विचारलं, आमचा खरा नकार कोणता, हे कसं कळलं?

"तुमच्या तोंडाकडंच पाहून राह्यली होती, सर."

जागा तिला मिळाली. मी वर्गात उड्या मारायच्या तेवढ्या राहिल्या.

'फॉरेन' नावाचा एकच देश असतो, असं मी इतकी वर्षं शिकवत होते. नकाशात तो काही सापडेना, म्हणून नियम फळ्यावरून पुसून टाकला.