अठ्ठ्याऐंशीच्या अलीकडे

एफएम रेडिओच्या आरंभकाळाच्या स्मरणार्थ जपानातील त्सुकुबा शहरातल्या हौशी मंडळींनी एका सकाळी प्रायोगिक प्रसारण योजले. तिथेच राहणाऱ्या निवृत्त रेडिओतज्ज्ञ वामनराव गोगट्यांचे जपानी निवेदन त्यासाठी आधीच ध्वनिमुद्रित झाले होते. ते ऐकण्यास वामनराव अधीर होते. पण वारसा जुन्याच यंत्रावर ऐकावा, या हट्टाने त्यांनी पुण्याहून आणलेला संच लावला. दहा वाजून गेले तरी नुसती खरखर!

"वक्तशीरपणा म्हणून नाही या लोकांत!" जपानात बसून ते गरजले.

"अहो, प्रसारण एकोणऐंशी मेगाहर्ट्झवर ना? तुमच्या या पुण्याच्या संचावरचे आकडे अठ्ठ्याऐंशीपासून सुरू होतात," त्यांच्या पत्नी तारामतीबाई म्हणाल्या.

इतक्यात, शेजारच्या सातोसानांनी मागच्या मोठ्या भूकंपापासून सूचना ऐकण्यासाठी खिडकीत कायम ठेवलेल्या रेडिओतून वामनरावांचाच धीरगंभीर आवाज आला: "परदेशातून आणलेल्या संचावर हे केंद्र लागेलच असे नाही, कृपया आधी आकडे पाहावेत."

"ऐका, तज्ज्ञ सांगताहेत!" तारामतीबाई म्हणाल्या.

वामनरावांनी खुर्ची सातोसानांच्या खिडकीकडे सरकवली.