सूर्यफुलामागची ओळ

जावई या पदाला मुळातच मान. त्यातून तो संगणक जाणणारा निघाला, तर सासुरवाडीला माना डोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. या जावयाने सासऱ्यांच्या छापखान्यातील संगणकावर जुनी प्रणाली काढून लिनक्स बसवले आणि संगणक सुरू होताना पडद्यावर धावणारे संदेश एका सूर्यफुलाच्या चित्रामागे दडवले. सामान्य माणसे त्या ओळींनी बावरतात, असे त्याचे मत होते. "हरवत काहीच नाही. प्रत्येक संदेश मशीन जपून ठेवतं," हेही तो येता-जाता ऐकवी.

एका सकाळी सूर्यफूल उमलले आणि तसेच राहिले.

"भावोजी, कोमेजेपर्यंत थांबायचं का?" मेहुणीने विचारले.

"कुणीतरी नको ते बटण दाबलंय," जावई तिच्याकडेच पाहत म्हणाला.

सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, दुपारपर्यंत बघा. नाहीतर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावतो. तो परत जुनंच बसवून देईल."

मेकॅनिक येणे म्हणजे जावयाचे आजवरचे पांडित्य चव्हाट्यावर येणे. त्याने सर्वांना चहाला पिटाळले, संगणक पुन्हा सुरू केला आणि एस्केपची कळ दाबली. फूल गेले, ओळी धावल्या. सगळ्या निमूट पुढे सरकल्या. शेवटची तेवढी अडून बसली. एका डिस्कची वाट पाहत आहे, असे ती सांगत होती, आणि ती बाहेरून जोडायची डिस्क जावयाचीच होती. छापखान्याच्या वेगवान इंटरनेटवर सिनेमे उतरवता यावेत म्हणून, सुरू होताना ती आपोआप जोडण्याची आज्ञा त्यानेच लिहून ठेवली होती. आदल्या दिवशी तो ती घरी घेऊन गेला. आज्ञाधारक यंत्र मात्र दारात ताटकळत राहिले.

आज्ञा खोडायला मुख्य पासवर्ड हवा होता. तो त्याने इतका गुप्त ठेवला होता की आता त्यालाही गुप्तच होता.

मग धावतपळत घरून डिस्क आली, जोडली गेली आणि संगणक सुरू झाला.

"जपून ठेवलेले संदेश दाखवा ना," मेहुणी म्हणाली. "सकाळी काय बिघडलं होतं ते तरी कळेल."

जावयाने गंभीर चेहऱ्याने आज्ञा टाइप केली. मागच्या खेपेचे संदेश मागवायला तिला आणखी एक आकडा जोडावा लागतो. तो त्याने गाळला. पडद्यावर आताच्या, सुखरूप सुरुवातीच्या ओळी आल्या.

"बघ. सगळं ठणठणीत."

"आणि ही डिस्क?"

"ती आवश्यक भाग आहे," तो म्हणाला. हे एक वाक्य मात्र खरे होते.

"मग ती इथून हलवायची नाही," सासऱ्यांनी निकाल दिला, आणि पदरचा भाग बसवणाऱ्या जावयाचे कौतुक गिऱ्हाइकांपर्यंत पोचले.

कीर्ती शाबूत राहिली. आता सुट्टीच्या दिवशी जावई देखभालीचे निमित्त सांगून मेहुणीकडे छापखान्याची किल्ली मागतो.

"घ्या," ती म्हणते. "आजची देखभाल मारामारीची की रडकी?"