एकट्यानं उचलायची गाडी

माझी गाडी मी कधी स्टँडवर उभी करून दाखवली नाही. मी ती आडवी करून दाखवायचो.

हे जरा विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. गाडी म्हणजे साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची स्पोर्ट टूरर, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल. पुढं काच, बाजूला झाकणं, मागं सामानाच्या दोन पेट्या, आणि वजन दोनशे किलोच्या वर. नऊ वर्षांपूर्वी घेतली तेव्हा आमच्या जालन्यात अशी गाडी असली तर एखादीच असेल. माझ्यासारख्या जमिनीच्या मोजणीवाल्याच्या दारात एवढी गाडी म्हटल्यावर लोकांनी काय काय तर्क लढवले ते माझ्या कानावर आलं होतं. आम्ही नवराबायको दोघं नोकरी करतो, पोरगी तिच्या पायावर उभी आहे, आणि मला दुसरं कसलंही व्यसन नाही. एवढं उत्तर मी दोन-चार जणांना दिलं, मग देणं सोडलं.

घेतली त्याच वर्षी दसऱ्याला मी एक पायंडा पाडला. सकाळी गाडी धुवायची, अंगणात जुनी कापसाची गादी टाकायची, त्या गादीवर गाडी आडवी निजवायची आणि एकट्यानं उचलून उभी करायची. उभी झाली की मगच झेंडूचा हार. माझं म्हणणं साधं होतं. ज्याला आपली पडलेली गाडी एकट्याला उचलता येत नाही, त्यानं ती चालवू नये. निर्मनुष्य घाटात पडली तर कुणाच्या नावानं हाका मारणार? पहिल्या वर्षी शेजारी हसले. तिसऱ्या वर्षापासून कॉलनीतले लोक चहा हातात घेऊन बघायला यायला लागले. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

मागच्या दसऱ्याला गाडी उठली नाही.

हँडल धरलं, श्वास घेतला, नेहमीसारखा हिसका दिला. गाडी वीतभर उठली आणि परत निजली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कंबरेत काहीतरी सटकलं आणि मी गुडघ्यावर बसलो. शेवटी समोरच्या घरातले दोघं पुढं आले, बायकोनं मागची दांडी धरली आणि चौघांनी मिळून गाडी उभी केली. हार बायकोनं घातला. मी आत जाऊन पालथा पडलो आणि तिथूनच जाहीर केलं, गाडी विकायची.

माझा नियम होता, तो मलाही लागू होता. त्यात मला काही शंका नव्हती. शंका एवढीच होती की गाडी कुणाच्या हातात जाणार. मी ठरवून टाकलं, घेणाऱ्यानं ती माझ्यासमोर गादीवरून एकट्यानं उचलायची. नाही उचलली तर गाडी नाही, भाव कितीही देवो.

फोटो टाकले तसे फोन यायला लागले. गाडी दिसायचीच तशी. साखळीला कधी गंज चढू दिला नव्हता, ऑइल मुदतीच्या आधी बदललेलं, आणि ज्या फटीत बोट जात नाही तिथं मी दात घासायचा जुना ब्रश घालून धूळ काढायचो. नव्या जालन्यातल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा पहिल्यांदा आला. त्यानं गाडीचे फोटो काढले, गाडीबरोबर स्वतःचे काढले, आणि बोलीत घासाघीसही केली नाही. मी गादी टाकली तेव्हा तो बघतच राहिला.

"काका, मी काय पाडायसाठी घ्यायलो का?" तो म्हणाला.

पाडायसाठी कुणीच घेत नाही, असं मी त्याला सांगितलं आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग आष्टीचे एक ठेकेदार आले. धिप्पाड माणूस, मला वाटलं एका हातानं उचलतील. त्यांनी गाडीकडं पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या जीपकडं पाहिलं, आणि दोन माणसांना हाक मारली. माझी अट परत एकदा सांगितली तर म्हणाले, आपल्याकडं माणसं असतात की. त्यांनाही चहा पाजला.

असे सहा-सात जण येऊन गेले. बायकोचा संयम संपला. एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुम्ही गाडी विकायलात का जावाई शोधायलात?" मी चिडलो. तिला म्हणालो, तुला त्यातलं काही कळत नाही. त्यावर ती भाजी निवडत राहिली, आणि ती अशी हातातलं काम करत राहते तेव्हा तिच्याकडं बोलायला बरंच असतं, हे एवढ्या वर्षांच्या संसारात मला माहीत आहे.

थंडीच्या दिवसांत जाफराबादहून फोन आला. बाईचा आवाज होता. तालुक्यातल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे म्हणाली, रविवारी येते म्हणाली. अट मी फोनवरच सांगितली, म्हणजे तिची खेप वाया जायला नको. ती म्हणाली, बराबर आहे, अशी अट पाहिजेच.

रविवारी अकराच्या सुमाराला ती आली. एसटीनं आली होती, आणि हातात हेल्मेट होतं. हे मला खटकलं. माणूस गाडी बघायला येतो तेव्हा रिकाम्या हातानं येतो. ही हेल्मेट घेऊन आली म्हणजे परत एसटीनं जायचा हिचा विचारच नव्हता. तिशीच्या आसपासची, अंगानं बारीक, माझ्या खांद्याएवढी. मी मनात म्हणालो, बिचारी. आणि बायकोला चहा टाकायला सांगितला, कारण आता चहा पाजून परत पाठवायचा मला सराव झाला होता.

तिनं गाडी बघायला घेतली तेव्हा मात्र मी जवळ जाऊन उभा राहिलो. चकचकीत टाकीकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट खाली बसली आणि टायरवर बोट फिरवायला लागली. टायरच्या कडेला ते कधी तयार झालं त्याचा आकडा छापलेला असतो, तो वाचला. मग मीटर बघितलं, सर्व्हिसची वही मागितली, पानं मागं-पुढं केली.

"दोन वर्षांत सहाशेच किलोमीटर?" तिनं विचारलं. "आजारी होती का?"

मी म्हणालो, कामाचा व्याप वाढला होता.

"न्हाई, टायर घासलं न्हाई अन् कडक झालंय, म्हणून विचारलं. जनावर नुसतं दाव्याला बांधून ठेवलं, चांगलं खाऊपिऊ घातलं, तरी त्याचे खूर वाढतात बघा. चालायला पाहिजे त्यानं."

माझ्या गाडीला कुणी आजवर नाव ठेवलं नव्हतं. मला राग आला, आणि राग येण्यासारखं तिनं काही खोटं बोललेलं नव्हतं. दोन वर्षं मी गाडी रविवारी पेट्रोलपंपापर्यंत आणि तिथून बायपासला एक वळसा घालून परत आणत होतो. लांब गेलो नाही कारण आतून भीती बसली होती. दसऱ्याला तोंडघशी पडलो ते सगळ्यांनी पाहिलं, पण त्याच्या आदल्या दोन्ही वर्षी गाडी जेमतेम उठली होती, ते फक्त मला ठाऊक होतं. भीती झाकायला मी ब्रश घेऊन बसायचो. लोक म्हणायचे, गाडी ठेवावी तर यांनी.

मी गादी टाकली. नेहमीप्रमाणे डावीकडं निजवायला लागलो तर ती म्हणाली, उजवीकडं निजवा. का, म्हटलं. म्हणाली, डावीकडचं स्टँड उघडं ठेवता येतं, उभी होऊन पलीकडं गेली तर त्याच्यावर टेकंल. नऊ वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी उजवीकडं निजली. तिनं स्टँड बाहेर काढलं, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवलं. आणि मग तिनं गाडीकडं चक्क पाठ केली.

मला वाटलं, विचार बदलला. तिनं खाली बसून कंबर सीटच्या कडेला टेकवली, एका हातानं खालचं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं मागची दांडी. हात सरळ ठेवले. आणि बारीक बारीक पावलं मागं टाकत, पाठीनं रेटत, ती गाडी वर आणायला लागली. हिसका नाही, आवाज नाही. चार-पाच पावलांत गाडी उभी. ती वळली, गाडी स्टँडवर टेकवली आणि हात झटकले. बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"उठता येईना म्हणून बसलेल्या म्हशीजवळ," ती म्हणाली. "धावडा गावाला एकजण तिला शिंगं धरून वढत होता, दोन दिवस. म्हैस जागची हालत न्हाई अन् ह्याचीच कंबर गेल्ती. ताकद हातात नसते काका, पायात असते. पाठ लावायची अन् पायानं रेटायचं."

पस्तीस वर्षं मी या जिल्ह्यातले बांध तुडवत आलोय. मोजणीची यंत्रं बदलली, साखळी गेली, आता उपग्रहावर चालणारी मशिनं आली, पण चालणं काही सुटलं नाही. माझ्या अंगात एक गोष्ट खणखणीत असेल तर ती पाय. आणि नऊ वर्षं मी ही गाडी हातांनी आणि कंबरेनं उपटत होतो, भर अंगणात, लोकांना गोळा करून.

मी म्हणालो, परत निजवा.

बायको म्हणाली, कंबर. मी ऐकलं नाही. पाठ फिरवली, सीटला टेकलो, सांगितलं तसं धरलं. ती बाजूला उभी राहून सांगत होती, घाई न्हाई, लहान पावलं, बिलकुल हिसका नका देऊ. मी पहिलं पाऊल मागं टाकलं आणि गाडी हलली. दुसरं टाकलं. माझ्या पाठीला तिचं वजन लागत होतं आणि ते वजन कमी कमी होत गेलं. उभी राहिली तेव्हा मला धापसुद्धा लागली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. बायकोही हसली.

चहा झाला. डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काका, मंग आता तर तुमचं कारणच राहिलं न्हाई. ठेवायची असंल तर ठेवा. मी जाते येष्टीनं, राग न्हाई मला."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि त्यामुळंच मला अवघड झालं. खरं तर माझ्या ओठांवर ठेवतो असंच आलं होतं. गाडी माझी होती, मला उचलता येत होती, आता अडचण कशाची? मी उगाच वेळ काढायला विचारलं, तुम्ही घेतली तर पहिल्यांदा कुठं न्याल. त्या म्हणाल्या, मार्चमध्ये सुट्टी टाकली आहे, कन्याकुमारीला, एकटीच. रस्ता ठरलेला होता, मुक्काम ठरलेले होते, आईला पटवून झालं होतं.

"अन् तुम्ही कुठं नेणार?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. लडाख बायकोबरोबर करून झालं होतं, कच्छ झालं होतं, दक्षिण झाली होती. आणखी एखादं नाव घ्यायला काय लागतं? पण एकही नाव येईना. मी बायकोकडं पाहिलं. ती माझ्याकडं शांतपणे बघत होती. तिला हे कधीचं माहीत होतं. कंबर आता दुखली, भीती दोन वर्षांपूर्वी बसली, पण कुठं जावंसं वाटणं त्याच्याही आधी थांबलं होतं. मी ते स्वतःलाच कळू दिलं नव्हतं. मला गाडी जाण्यासाठी नको होती, उचलून दाखवण्यासाठी हवी होती.

मी उठलो, आत गेलो आणि कागदांची फाइल आणि दोन्ही किल्ल्या घेऊन आलो.

"नक्की ना?" त्या म्हणाल्या.

"नक्की. काल विकली असती तर हरलो म्हणून विकली असती," मी म्हणालो. "आज मला उचलता येते, अन् तरी विकतोय."

भावाचं बोलणं दोन वाक्यांत झालं. कडक झालेल्या टायरचे त्यांनी कमी करायला सांगितले, मी केले. सह्या झाल्या. त्यांनी घरी फोन लावून आईला उर्दूत सांगितलं की जेवायला थांबा, रात्र व्हायच्या आत येते. हेल्मेट घातलं, काकूंना नमस्कार केला, गाडी सुरू केली. आवाज मला तोंडपाठ होता, पण मी तो कायम वरून ऐकलेला, बाजूला उभं राहून असा पहिल्यांदाच ऐकत होतो. चांगला होता. गाडी कॉलनीच्या रस्त्यानं हळू गेली, गतिरोधकावरून नीट उतरली, आणि मोठ्या रस्त्याला लागताना त्यांनी गिअर बदलला तो अगदी वेळेवर बदलला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलं नाही, कारण बघणारी एकच होती. तिनं विचारलं, वाईट वाटतंय का. मी हो म्हणालो, फार वाटतंय. ती म्हणाली, फोन करून बोलवायचं का परत, अजून वाटेतल्या राजूरपर्यंतसुद्धा गेली नसंल.

मी नको म्हणालो. आवाज ऐकू येईनासा झाला तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो, आणि आता गाडी कुठवर गेली असेल याचा अंदाज करत होतो.