मेहुण्याच्या कागदावरचा दहा

मी बढाया मारतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. अमरावतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. काउंटरमागे उभं राहून दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की माणूस थोडं इकडचं तिकडचं लावतोच. वलगावच्या एका शेतकऱ्याला मी एकदा सांगितलं होतं की तरुणपणी मी पुरात पेढी नदी पोहून गेलो होतो. मला पोहता येत नाही. त्या माणसाने चष्मा घेतला आणि पुढच्या वेळी आपल्या भावालाही मला बघायला घेऊन आला.

पिस्तूल हातात आलं ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलं होतं. चालण्याच्या वाटेवर एका जुन्या गोदामावर नेमबाजीचा बोर्ड दिसला. तिथे निदान एका जागी उभं राहायचं होतं, म्हणून मी आत शिरलो.

आत सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणत. हवेच्या दाबावर चालणारं किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातात धरायचं, दुसरा हात खिशात घालायचा आणि दहा मीटरवरच्या कागदावर छर्रा मारायचा. कागदावर काळं वर्तुळ असतं आणि त्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढा गोल. तो दहा गुणांचा. मला वाटलं, यात काय आहे? पहिल्या दिवशी माझे चार छर्रे कागदाला लागले आणि बाकीचे मागच्या भिंतीला.

तीन महिने मी घाम गाळला तरी फारसं पुढे सरकेना. मग एके दिवशी सरांनी माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्याला लावून पाहिला.

"साहेब, तुमाले काय साफ दिसते? कागद, का नळीच्या टोकावरचा खुंट?"

"कागद. एकदम स्वच्छ," मी अभिमानाने म्हणालो.

"तेच तं चुकून राहिलं ना बापा! खुंट साफ दिसाले पायजे, कागद धुरकट दिसला तं दिसू द्या. लोकायचे डोये तपासता, अन् सोताचे कवा तपासले होते?"

हॉलमधली सगळी पोरं खो खो हसली. मी दुकानात परत गेलो, शटर अर्धं ओढून स्वतःचा नंबर काढला आणि हाताच्या अंतरावरचं दिसेल अशी काच घासून घेतली. चाळिशी लागून मला सात वर्षं झाली होती, आणि अख्ख्या शहराला चाळिशीचे चष्मे देणारा मी ती गोष्ट कबूल करायला तयार नव्हतो. नव्या काचेने चाळीस छर्र्यांत, म्हणजे चारशेपैकी, माझे तीनशे अठरा झाले. सर म्हणाले, बरं आहे. मी बायकोला सांगितलं, सर थक्क झाले.

माझ्याकडे पिस्तूल आहे ही बातमी गल्लीत पसरायला एक दिवस पुरला. समोरचा माणूस आमच्या फाटकासमोर गाडी लावायचा, तो आपणहून लावेनासा झाला. तेल्हाऱ्याहून एका नातेवाइकाचा फोन आला की हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं शिरतात, दोन दिवस येऊन जाता का. माझ्या छर्र्याने डुकराच्या कानाला गुदगुल्यासुद्धा झाल्या नसत्या. पण तसं न सांगता मी गंभीर आवाजात म्हणालो, "सध्या सराव चालू आहे, नाही तर आलो असतो."

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो अकोटला, दिवाळीनंतर, बायकोच्या चुलतबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यात. बायकोचा धाकटा भाऊ अकोल्याला राहतो. शहराच्या कडेला त्यांचा भाजीपाल्याचा मळा आणि मळ्यातच घर आहे. हा मेहुणाही नेमबाजी करतो, आणि माझ्या आधीपासून करतो, ही गोष्ट मला कायम टोचायची. पंगत उठल्यावर सगळे पान खात बसले होते. तो सहज म्हणाला, "यंदा माझे तीनशे पंचेचाळीस झाले, भाऊजी. तुमचे किती होते?"

पन्नास माणसं माझ्याकडे पाहत होती. सासूबाई पाहत होत्या. मी म्हणालो, "साडेतीनशेच्या खाली गेलो तर मी घरीच येत नाही."

मेहुण्याने पान गालात सरकवलं. "मंग या ना अकोल्याले. जानेवारीत आमच्या इथी मॅच हाय. आमी सगळेच पाहाले येतो."

बायको तिकडे कुणाशी तरी बोलत होती. तिने मान वळवून माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. अकोट ते अमरावती एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. फाटक उघडताना म्हणाली, "घरी कसे काय आले? तीनशे अठरावाले तं घरीच येत नाहीत ना!"

आत गेल्यावर म्हणाली, "माह्या माहेरी माहं नाक कापू नका. दोन महिने हायेत."

आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. खोटं बोलून पचवायची मला सवय होती, पण याचा निकाल कागदावर भोकं पडून लागणार होता, आणि तोही सासुरवाडीसमोर. सकाळी साडेपाचला ती मला हलवायची, "उठा, तीनशे अठरा." पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून रिकामं पिस्तूल रोखायचं, नळीवर ती एक नाणं ठेवणार, आणि घोडा दाबताना ते नाणं पडता कामा नये. श्वास रोखून गप्प उभा असलेला नवरा तिला पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मिळाला होता. तिने ती संधी सोडली नाही. गॅसचा नंबर लावला नाही इथपासून लग्नातल्या रुसव्याफुगव्यापर्यंत सगळं तिने त्या दोन महिन्यांत मला ऐकवलं. मी काही बोलायला गेलो की नाणं खणकन खाली पडायचं आणि ती म्हणायची, "पाहा, बोलले."

सरांनी वेगळंच डोक्यात भरवलं. "हात हालला तं मारू नका, खाली ठेवा. खाली ठेवाची काई लाज नाई."

ऐकायला सोपं वाटतं. पण पिस्तूल उचललं, काळ्या वर्तुळाखाली आणलं, सगळे बघतायत, आणि तसंच न मारता खाली ठेवायचं, हे मला जमेना. तोंडाशी आलेलं वाक्य मी जन्मात कधी गिळलं नव्हतं, तसंच हेही. मला वाटायचं, उचललंय ना, मग मारून टाकू. असे मारून टाकलेले छर्रे सहा-सातला जायचे. डिसेंबर अर्धा सरला तेव्हा कुठे मी दहातून तीन वेळा खाली ठेवायला शिकलो. वर्षअखेर तीनशे चौतीस झाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीनशे एक्केचाळीस. ते आकडे मी कुणाला फुगवून सांगितले नाहीत. खरेच इतके आवडले होते की हात लावावासा वाटला नाही.

मॅच सकाळी साडेअकराला होती. आम्ही आदल्या दिवशी अकोल्याला मुक्कामाला गेलो. सामन्याआधी पोट हलकं हवं, नाही तर छातीतले ठोके हातापर्यंत येतात, हे सरांनी दहा वेळा बजावलं होतं. सकाळी नऊला मळ्यात जाऊन पाहतो तर गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजत ठेवलेले, शेजारी पातेलंभर वांग्याची भाजी, आणि तुपाचा डबा उघडा.

"अवो, रोडगे केले जवाईबापूसाठी," सासूबाई म्हणाल्या. "घरचे वांगे हायेत."

मी म्हणालो, मी नंतर खाईन. सासूबाईंचा चेहरा पडला. मेहुणा मोठ्या प्रेमाने पुढे आला. "आमच्या इथून जवाई उपाशी घराबाहेर जात नाई, भाऊजी. बसा. मायनं पहाटपासून चूल मांडली." स्वतः मात्र तो वाटीत चार घास पोहे घेऊन उभ्या उभ्या खात होता. विचारलं तर म्हणाला, "मले रोडगे बाधते."

वऱ्हाडातल्या जावयाने वाढलेलं ताट परत केलं की ती बातमी दोन तालुक्यांत जाते. मी पहिला रोडगा कुस्करला, त्यावर सासूबाईंनी तूप ओतलं. दुसऱ्याला मेहुण्याने ओतलं, धार तोडलीच नाही. तिसरा मी नको म्हणत होतो तर तो म्हणाला, "वाढ वं माय, भाऊजी लाजून राहिले." बायको दारात उभी राहून हे पाहत होती. भावाकडे बघून ती ओठ दाबत होती, पण मध्ये पडली नाही. एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ, आणि रोडगे छान झाले होते.

हॉलमध्ये मेहुण्याने सांगून-सवरून माझ्या शेजारचीच जागा घेतली. माझी चार नंबर, त्याची पाच. मागे खुर्च्यांवर सासरची नऊ माणसं बसली होती. आमच्या समोर दोरीवर सरकणारे कागद होते. एका कागदावर एक छर्रा मारायचा, दोरी ओढून कागद जवळ आणायचा, काढून ठेवायचा, नवा लावायचा. असे चाळीस.

पहिले दहा तुपात गेले. ठोका थेट मनगटात वाजत होता. मी उचलायचो आणि खाली ठेवायचो, पुन्हा उचलायचो आणि पुन्हा खाली ठेवायचो. मागून सासूबाईंचा आवाज आला, "मारत काहून नाईत?" मी तरी खाली ठेवलं. दुसऱ्या दहात हात जागेवर आला, तिसऱ्यात मी मजेत होतो. बत्तीस छर्रे झाले तेव्हा मनातल्या मनात हिशोब केला. असंच चाललं तर साडेतीनशे होत होते. खरोखरचे साडेतीनशे.

मी तेहतिसावा मारला. असा छर्रा वर्षातून एखादा सुटतो. घोडा कधी दबला ते मलाच कळलं नाही, खुंट जराही हलला नाही. बघायची गरज नव्हती, तो दहाच होता. मी दोरी ओढली. कागद कोरा आला.

शेजारी मेहुण्याने हात वर केला. त्याच्या कागदावर दोन भोकं होती. एक डावीकडे खाली, आठात. दुसरं बरोबर मधोमध. हिशोबाच्या आनंदात मी पाच नंबरच्या कागदावर मारलं होतं.

पंच आले. त्यांनी मला विचारलं, "तुमी मारला होता का?"

अडीअडचणीला माझी जीभ कधी कमी पडली नाही, तेव्हाही पडली नसती. मी अजून मारलाच नाही, एवढं म्हटलं असतं तर मला नवा छर्रा मिळाला असता, आणि दोन मारल्याबद्दल मेहुण्याचे गुण कापले गेले असते. वाक्य ओठावर आलं होतं. पण समोर तो दहा होता. सुबक, गोल, मधोमध. आणि तो मेहुण्याच्या कागदावर, मेहुण्याच्या नावाने जाणार होता. ते मला सहन झालं नाही.

"तो दहा माझा आहे!" मी ओरडलो. अख्खा हॉल वळून बघायला लागला.

सचोटीचा याच्याशी काही संबंध नव्हता, हे मी इथे कबूल करतो. पंचांनी नियम सांगितला. दुसऱ्याच्या कागदावर मारला, म्हणजे माझा शून्य. आणि कोणतं भोक कुणाचं हे सिद्ध झालं नाही, तर त्यातलं जास्त गुणांचं मेहुण्याचं. त्यांनी मेहुण्याला विचारलं, "तुमचं कोणतं?" मेहुणा छताकडे पाहत म्हणाला, "मले तं काही आठवून नाही राहिलं."

उरलेले सात मी मारले. बरे गेले. माझे तीनशे त्रेचाळीस झाले आणि त्याचे तीनशे सेहेचाळीस.

दुपारी मळ्यात सगळे पुन्हा पंगतीला बसले. मॅच सोडून सगळे वांग्यांच्या भावावर बोलत होते, आणि ते मला जास्त लागत होतं. शेवटी मीच म्हणालो की त्या दिवशी अकोटला मी जरा वाढवून बोललो होतो.

"आमाले माईत हाय ना," सासूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या. "पोरीनं दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगतलं. तीनशे अठरा."

मी बायकोकडे पाहिलं. ती निवांत जेवत होती.

"मग मला पहाटे उठवून दोन महिने कशाला राबवलं?"

"तुमी पहिल्यांदाच कोणत्या गोष्टीले दोन महिने चिकटले होते," ती म्हणाली. "मी कशाले थांबवू?"

मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, रडूही येईलसं वाटलं. नऊ माणसं माझं खोटं उघडं पडताना बघायला आली असं मी धरून चाललो होतो. त्यांच्यासमोर उघडं पडायला काही शिल्लकच नव्हतं.

तेवढ्यात सासरे वाफ्यांतून हात धुऊन आले. पाण्याची पाळी होती म्हणून ते मॅचला आले नव्हते. पाटावर बसत त्यांनी विचारलं, "मंग जवाई, किती झाले?"

"तीनशे त्रेचाळीस," मी म्हणालो.

मेहुण्याने ताटातून मान वर केली नाही. "तीनशे त्रेपन्न, बाबा," तो म्हणाला. "दहा त्यायचाच होता. मी डावीकडं खालीच मारतो, साऱ्या क्लबाले माईत हाय."

सासरे माझ्याकडे बघत होते. मी तुपाचा डबा उचलला आणि मेहुण्याच्या भातावर धार धरली, तोडलीच नाही.