पारावरचे आप्पा

सिनेमात कंटिन्युइटी बघणं हे माझं काम. एका शॉटमध्ये नायकाच्या कपातला चहा अर्धा असेल, तर तासाभराने घेतलेल्या पुढच्या शॉटमध्येही तो अर्धाच हवा. त्यासाठी मी फोटो काढते, वहीत लिहिते आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप देते.

मागे एकदा निमोण्यात शूटिंग होतं. नायक पारापाशी वडिलांशी भांडतो आणि मागे एक म्हातारे नुसते बसलेले दिसतात, असा सीन. त्यासाठी गावातलेच एक आप्पा बसवले होते. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. माझं काम काय, ते त्यांनी पहिल्याच ब्रेकमध्ये विचारून घेतलं आणि तिथून माझा छळ सुरू झाला.

दुसऱ्या टेकला टोपी तिरकी. तिसऱ्याला काठी उजवीकडून डावीकडे. मी धावत जाऊन नीट केली की निरागस चेहऱ्याने म्हणायचे, "व्हय का? ध्यानातच न्हाई राह्यलं बघा." एकदा तर शर्टाचं वरचं बटण उघडून माझ्याकडेच बघत बसले. मी लांबूनच बोट दाखवलं.

"घावलो!" म्हणून मोठ्याने हसले. दिग्दर्शक वैतागला. मला मात्र मजा यायला लागली होती.

जेवणानंतर आप्पा एकदम शहाण्यासारखे बसले. टोपी, काठी, बटण, सगळं फोटोतल्यासारखं. मी तोऱ्यात वही मिटली.

पॅकअपला आप्पा भेटायला आले. सोबत आणखी एक आप्पा. तीच उंची, तसल्याच मिशा.

"ह्यो माझा धाकटा भाऊ, खुटबावला असतो," आप्पा म्हणाले. "म्हैस व्याया झाली व्हती, ताई. जेवायच्या सुट्टीत मी घरी पळालो आन् ह्याला बसवला. अंगावरचं समदं ह्याला दिलं. रेडी झाली, झ्याक हाय."

मी मोबाइलवरचे फोटो उघडले. सकाळचं नाक सरळ, दुपारचं बसकं.

"आप्पा, माझं काम जाईल हो!"

"कुनाला कळतंय? तुमाला तरी कळलं का?"

दिग्दर्शकासमोर मी अवाक्षर काढलं नाही. सिनेमा लागला, कुणालाही काही कळलं नाही. शिरूरला आप्पांच्या घरच्यांसोबत बघितला तेव्हा मात्र पंचाईत झाली. आप्पांनी बायकोलाही काही सांगितलं नव्हतं. ती भर थिएटरात ओरडली, "अगं बया, हे तर भावजी!"

पुढच्या रांगा मागे वळून बघायला लागल्या. मी खुर्चीत जमेल तेवढी खाली सरकले. शेजारी आप्पा तोंडावर उपरणं धरून नुसते गदगदत होते.